कवेलूचं निमित्त

पत्र लांब आहे, थोडक्यात देते.

"आमचे पणजोबा मालगुजार. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगावच्या बाजूला, डांबरी रस्ता सोडून 4 किलोमीटर आत आमचा वाडा आहे. 100 वर्षांहून जुना, सागवानी खांबांचा. सोबत 22 एकर धानाची शेती, तलाव आणि मागचं जंगल. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. मी नागपूरला असते, सेवानिवृत्त शिक्षिका. धाकटी बहीण पुण्याला. भाऊ एकटाच वाड्यात राहतो. लग्न केलं नाही, नोकरीही नाही. नागपूरचं एक गिऱ्हाईक सगळंच घ्यायला तयार आहे, नवेगाव-नागझिऱ्याला येणाऱ्या पर्यटकांसाठी रिसॉर्ट काढायचं म्हणतात. आम्ही दोघी बहिणी तयार आहोत. भाऊ हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही, नुसतं 'पाहू' म्हणतो. इतकी वर्षं तो तिथे फुकट राहिला, आम्ही कधी शब्द काढला नाही. माझ्या मुलीच्या लग्नालासुद्धा कवेलू फेरायचं निमित्त सांगून एकच दिवस आला. भाऊबीज न तुटता त्याला समजवायचं कसं?
– एक मोठी बहीण"

ताई, लग्न मे महिन्यात होतं ना? तारीख तुम्ही लिहिली नाही, पण कवेलू, म्हणजे छपराची कौलं, दुसऱ्या कुठल्या महिन्यात फेरत नाहीत. मृगाच्या आधी काम उरकलं पाहिजे. बाकी महाराष्ट्र याला शाकारणी म्हणतो. तुम्ही त्याला निमित्त म्हणता.

कधी चढलात का छपरावर? मी लहानपणी आजोळी चढले आहे, म्हणून सांगते. सकाळी उजाडता उजाडता सुरुवात करायची, कारण नऊनंतर कवेलूला हात लागत नाही. एकेक ओळ काढायची, प्रत्येक कवेलू बोटाच्या पेरानं वाजवून पाहायचं. चांगलं खणखणतं, तडकलेलं भद्द वाजतं. खाली पाला, उंदरांची घरं, विंचू. वानरांनी उड्या मारून फोडलेली वेगळी काढायची, कुजलेल्या बांबूच्या कमच्या बदलायच्या आणि पुन्हा एकावर एक बसवत आढ्यापर्यंत जायचं. एका माणसाचं हे कामच नाही. आणि आता गावात हे करणारी माणसं मिळत नाहीत, रोजीनं बोलावली तरी येत नाहीत.

माझ्या मामानं शहरात गेल्यावर फक्त दोन उन्हाळे हे काम टाळलं. कवेलू सरकलं, पाणी कमचीवर आलं, कमचीवरून मयालीत, म्हणजे तुळईत, आणि मयालीतून मातीच्या भिंतीत. तिसऱ्या पावसाळ्यात माजघर बसलं. ते घर कुणी विकत घेतलं नाही. लोकांनी दरवाजे नेले.

आता तुमच्या मिळकतीचा हिशेब करू, कारण तुमचं गिऱ्हाईक तो करणारच आहे.

तलाव आधी बाजूला काढा. मालगुजारी, म्हणजे आपल्याकडची जमीनदारी, 31 मार्च 1951 ला संपली. घर आणि खुदकास्त, म्हणजे घरची शेती, मालगुजारांकडे राहिली. बहुतेक तलाव आणि जंगल सरकारात गेलं. माजी मालगुजारी म्हणून आपण त्याला 'मामा तलाव' म्हणतो, तो मामा काही तुमच्या घरचा नाही. गावाचा निस्तार, म्हणजे पाणी, चराई, सरपण यांचे हक्क, निस्तार पत्रकात लिहिलेले असतात. तलाठ्याकडे जाऊन एकदा वाचा. मागचं जंगल? उरलंसुरलं खासगी जंगलही 1975 च्या कायद्यानं, थोडे अपवाद सोडले तर, सरकारकडे गेलं. कागदावर 'झुडपी जंगल' लिहिलेलं असेल तर मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यालाही वनच म्हटलं आहे. तुम्ही लहानपणी तिथे टेंभरं वेचली असतील, पण तेवढ्यानं ते विकता येत नाही. शेतीचं म्हणाल तर घेणारा स्वतः शेतकरी आहे का, एवढं आधी विचारा. नसेल तर परवानगीशिवाय त्याला घेता येणार नाही. हे त्याचं डोकं खाणारं काम आहे, तुमचं नाही.

राहिलं काय? धानाच्या बांध्या आणि उभा असलेला वाडा. त्या भागात धानाची शेती हवी तेवढी मिळते. नागपूरहून माणूस आला तो वाड्यासाठी, आणि वाडा उभा आहे तो छपरामुळे. ज्या भावाला तुम्ही फुकट राहणारा म्हणता, त्यानं दर उन्हाळ्यात तुमचीच मिळकत राखली. पगार मागितला नाही, कवेलूचे पैसे मागितले नाहीत. मागितले असते तर तुम्ही तेही पत्रात लिहिलं असतं, इतकं तुमचं पत्र हिशेबी आहे.

तुमचा हक्क मी नाकारत नाही. 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, आणि हिस्सा सोडा म्हणून बहिणींना गोड बोलून सह्या घेणारे भाऊ या स्तंभात मी कितीदा झोडपले आहेत. तुमच्या भावानं तर तुमच्यापुढे एकही कागद ठेवला नाही.

तेव्हा एवढंच करा. वाडा आणि त्याच्या खालची जागा, छपरी आणि सांदवाडीसकट, म्हणजे ओसरी-परसासकट, त्याच्या नावे करून द्या. दोघी बहिणींनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा, फक्त वाड्यापुरतं. 22 एकर तिघांत सारखे वाटा, तहसीलदाराकडून रीतसर वाटणी आणि मोजणी करून घ्या. मग आपला वाटा ज्याला विकायचा त्याला खुशाल विका.

वाडा निघाला की गिऱ्हाईक बहुधा पाय मागे घेईल, आणि आलंच तरी रक्कम निम्म्याहून खाली येईल. येऊ द्या. तुम्हाला पेन्शन आहे, मुलीचं लग्न झालं आहे. पुण्याची बहीण कुरकुरेल, तिला हे पत्र वाचून दाखवा. उद्या भावानं स्वतःच वाडा विकला, तर तो त्याचा. तेव्हा मला पत्र लिहू नका.

इसाराचे पैसे घेतले असतील तर आधी परत करा. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, पण 'सगळंच घ्यायला तयार' हे शब्द माणूस सहसा चेक पाहिल्यावर लिहितो.

आणि भाऊबीजेचं विचारलंत. तो दिवाळीनंतरचा प्रश्न आहे. धान निघालं, मंडई, म्हणजे गावची जत्रा, झाली की तो येईल नाहीतर तुम्ही जाल. सध्या मे सुरू आहे. वाड्याचं त्याला फोनवर सांगणार असाल तर सकाळी लावू नका, तो छपरावर असेल. रात्री आठनंतर लावा.