स्टार ट्रेक पहिल्यांदाच बघायचंय. कुठल्या क्रमाने बघू?

प्रसारणाच्या क्रमाने बघा, कथेतल्या सनावळीने नको. सनावळी लावली तर सुरुवात बाविसाव्या शतकात घडणाऱ्या 'एंटरप्राइझ'ने होते. पण ती मालिका २००१ साली आली आणि व्हल्कन, क्लिंगॉन या परग्रहवासी जमाती पुढे कशा होणार हे प्रेक्षकाला ठाऊक आहे, असं धरूनच लिहिली आहे. तिची खरी गंमत नंतरच कळते.

१९६६ ची मूळ मालिका सगळी बघायलाच हवी असं नाही. कर्क, स्पॉक आणि मॅकॉय या तिघा मुख्य पात्रांची ओळख होईपर्यंत निवडक भाग पुरेत. त्यात 'स्पेस सीड' मात्र चुकवू नका. १९८२ चा खान या खलनायकावरचा चित्रपट थेट त्याच भागातून पुढे जातो.

मग 'नेक्स्ट जनरेशन'. पहिला सीझन अडखळत चालतो, तरी धीर धरा. तिसऱ्या सीझनच्या शेवटी बोर्ग हे अर्धे माणूस-अर्धे यंत्र असलेले शत्रू या मालिकेचा नायक कॅप्टन पिकार्डला पळवतात, आणि पुढच्या भागात वुल्फ ३५९ ची लढाई येते; तिच्यात ते पिकार्डलाच आपल्या बाजूने वापरतात. 'डीप स्पेस नाइन' याच लढाईने सुरू होते: तिचा नायक सिस्को तिथे आपली बायको गमावतो. आधीचं न बघता आलात तर पिकार्डसमोर बसलेल्या सिस्कोचा राग पोचतच नाही. माझ्या मते 'डीप स्पेस नाइन' हीच यातली सर्वोत्तम मालिका, म्हणून तिच्यापर्यंत नीट तयारीने जा.

पुढे 'व्हॉयेजर', मग 'एंटरप्राइझ'. नव्यांपैकी २०२२ ची 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' मूळ मालिकेनंतर कधीही चालेल, पण 'पिकार्ड' अगदी शेवटी ठेवा.