लोकसभेत १४ टक्के, पंचायतींत ४६ टक्के: महिलांचे प्रतिनिधित्व नेमके मोजायचे कसे?

तुमचा प्रश्न असा: लोकसभेत महिला १४ टक्क्यांच्या आसपास आणि पंचायतींत ४६ टक्के आहेत, मग गावे दिल्लीच्या पुढे गेली असे प्रकल्पात लिहिता येईल का? आणि स्वतःच्या तालुक्याचा आकडा कसा काढायचा?

तसे लिहू नका. दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. २०२४ मध्ये लोकसभेच्या ५४३ जागांवर ७४ महिला निवडून आल्या, म्हणजे १३.६ टक्के. तिथे महिलांसाठी एकही राखीव जागा नव्हती. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश आरक्षण दिले, पण ते जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर लागू होईल असे त्यातच लिहिले आहे. पंचायतींत मात्र ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून किमान एक तृतीयांश जागा राखीव आहेत आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. त्यामुळे तिथला एकूण टक्का मुख्यतः कायदा पाळला गेला एवढेच सांगतो.

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांत यासाठी निर्देशांक ५.५.१ आहे. त्याचा 'अ' भाग राष्ट्रीय संसदेचा, 'ब' भाग स्थानिक स्वराज्य संस्थांचा. 'अ' मध्ये भाजक म्हणून भरलेल्या जागा घेतात, मंजूर जागा नाही. रिक्त जागा धरल्या की टक्का उगाच खाली येतो. दोन सभागृहे असतील तर कनिष्ठ सभागृहाचा आकडा धरतात, म्हणून राज्यसभा त्यात मिसळू नका.

आपल्याकडे या निर्देशांकात एक मोठे भगदाड राहते. विधानसभा 'अ' मध्येही बसत नाही आणि 'ब' मध्येही नाही. आणि सर्वांत वाईट चित्र नेमके तिथेच दिसते: महाराष्ट्रात २०२४ ला २८८ पैकी २१, म्हणजे ७.३ टक्के, गोव्यात २०२२ ला ४० पैकी ३. प्रकल्पात विधानसभेचा वेगळा स्तंभ हवाच.

आता तालुका. राज्य निवडणूक आयोगाचे निकाल आणि निवडून आलेल्या सदस्यांची अधिसूचना हा मूळ आधार. ते हाती लागले नाही, तर पंचायत समितीच्या किंवा तहसील कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकारात अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा, एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत ठेवा. मागायचे ते असे: प्रभाग, जागेचे आरक्षण, विजयी उमेदवाराचे नाव, लिंग, निवडून आल्याची तारीख. 'लिंग' हा रकाना स्पष्ट मागा. किरण, सुमन, शीतल, कमल ही नावे पाहून अंदाज बांधला की चूक ठरलेली. जागा 'सर्वसाधारण महिला' असेल तर प्रश्न नाही. फसगत होते ती महिलांसाठी राखीव नसलेल्या जागांवर, आणि आपल्याला सर्वांत महत्त्वाच्या त्याच जागा आहेत.

समजा ग्रामपंचायत ९ सदस्यांची आहे. त्यात ५ जागा महिलांसाठी राखीव आणि ४ बिगरराखीव. निवडून आलेल्या महिला ५ असतील तर एकूण टक्का ५५.६, पण बिगरराखीव जागांवर ४ पैकी शून्य. महिला ६ असतील तर ६६.७ आणि ४ पैकी १. माझ्या मते बिगरराखीव जागांचा हा दुसरा आकडाच बदल दाखवतो. दोन्ही शेजारी छापा, एकट्या पहिल्यावर निष्कर्ष काढू नका. जागांची संख्या विषम असेल तर उरलेली अर्धी जागा पूर्ण धरतात हेही लक्षात असू द्या: मुंबई महापालिकेच्या २२७ पैकी ११४ जागा महिलांच्या. ५० च्या वर गेलेला टक्का म्हणजे यश असे आपोआप ठरत नाही.

बेरजेत हमखास होणाऱ्या चुका आहेत. टक्केवारींची सरासरी काढू नका. ७ पैकी ५ आणि १७ पैकी ९ यांची सरासरी ६२.२ येते, खरा टक्का २४ पैकी १४, म्हणजे ५८.३. थेट निवडलेला सरपंच सदस्यसंख्येबाहेरचा असतो. त्याला सदस्यांत धरलेत तर सगळ्याच गावांत धरा, नाहीतर सरपंचपदांची वेगळी बेरीज ठेवा (ते अधिक बरे). पंचायत समितीचे सभापती जिल्हा परिषदेचे पदसिद्ध सदस्य असतात, त्यामुळे दोन्हीकडे मोजले की एकच बाई दोनदा येते. आणि जिथे प्रशासक बसला आहे, जसा मार्च २०२२ नंतर मुंबईत होता, तिथे शून्य न लिहिता 'लागू नाही' लिहा.

लोकसभेसाठी उमेदवारीचा टप्पाही मोजा. २०२४ ला ८,३६० उमेदवारांत महिला ८००, म्हणजे ९.६ टक्के. त्यांतल्या ७४ जिंकल्या, प्रमाण ९.३ टक्के, उरलेल्या ७,५६० पैकी ४६९, म्हणजे ६.२ टक्के. अपक्षांच्या गर्दीमुळे ही तुलना ढोबळ आहे, पण महिला उमेदवार निवडून येत नाहीत या सबबीला ती आधार देत नाही. मतदारांच्या आधी तिकीटवाटपाकडे बघावे लागते.

वेळ असेल तर मागच्या दोन निवडणुकांची यादी एकाखाली एक मांडा. आरक्षण फिरते असल्याने मागच्या वेळी महिलांसाठी राखीव असलेले काही प्रभाग यंदा खुले झालेले सापडतील. तिथली आधीची सदस्या पुन्हा उभी राहिली का, आणि राहिली असेल तर निवडून आली का, हे दोन रकाने जोडा.