शिफ ‘क्षार’ नव्हे, शिफ ‘क्षारक’

एका वाचक ताईंनी विचारले आहे : त्यांच्या मुलीने एम.एस्सी.च्या प्रकल्पाचा मराठी सारांश लिहिताना ‘ट्रान्झिशन मेटल शिफ बेस कॉम्प्लेक्स’साठी (म्हणजे निकेल, तांबे, कोबाल्ट यांसारख्या धातूला शिफ बेस नावाच्या सेंद्रिय पदार्थाने धरून झालेले संयुग) ‘संक्रमण धातू शिफ क्षार संकुल’ असे लिहिले. बेसला क्षार म्हटलेले तिने हिंदीत वाचले होते. मार्गदर्शकांनी ‘क्षार’ शब्दाखाली लाल रेघ ओढली. यात चुकले काय, आणि लिहायचे काय?

रेघ बरोबर जागी ओढली आहे. मराठीत क्षार म्हणजे सॉल्ट. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, जमीन क्षारपड होते, जुलाब झाले की क्षारसंजीवनी देतात. बालभारतीच्या पुस्तकांतली त्रयी आम्ल, आम्लारी (म्हणजे बेस) आणि क्षार अशी आहे. हिंदी पाठ्यपुस्तकांत तीच त्रयी अम्ल, क्षारक आणि लवण अशी येते. म्हणजे मराठी शाळेतून आलेल्या वाचकाला ‘शिफ क्षार’ हे शिफ नावाच्या माणसाचे एखादे मीठच वाटणार. प्रत्यक्षात शिफ बेस हे मीठ नव्हे. त्यात मिठासारखे धन आणि ऋण आयन नसतात, आणि पुष्कळ शिफ बेस तर पाण्यात जवळजवळ विरघळतही नाहीत.

हिंदीचे मात्र काही चुकलेले नाही. संस्कृतात क्षार म्हणजे दाहक, खाऊन टाकणारा पदार्थ. सुश्रुतसंहितेत वनस्पती जाळून, तिची राख पाण्यात कालवून, गाळून, आटवून क्षार करण्याची कृती आहे. तो रसायनशास्त्राच्या भाषेत अल्कलीच. हिंदीने ही बाजू धरून ठेवली. मराठीत त्याच शब्दाचा खार झाला आणि खारट पाणी, खारे वारे, खारे दाणे, खारजमीन असा मिठाच्या बाजूला सरकत गेला. जुना अर्थ माझ्या माहितीत एकाच घरगुती शब्दाने नीट सांभाळला आहे : पापडखार. त्याचे द्रावण बोटांना बुळबुळीत लागते, आणि पापड फुलतो तो त्या अल्कली गुणामुळे, खारटपणामुळे नव्हे. हा शब्द मला फार प्रिय आहे.

आता मूळ ‘बेस’कडे येऊ. ह्यूगो शिफ हे १८३४ साली फ्रँकफुर्टला जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ. १८६४ साली पिसा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून त्यांनी जो निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकाचा अर्थ ‘सेंद्रिय बेसेसची एक नवी मालिका’ असा होतो. अल्डिहाइड आणि अमीन या दोन प्रकारची सेंद्रिय संयुगे एकत्र आली की पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि कार्बन व नायट्रोजन यांच्यात दुहेरी बंध तयार होतो; हाच शिफ बेस. त्या नायट्रोजनपाशी इलेक्ट्रॉनांची एक जोडी कुणाशीही न बांधलेली, मोकळी राहते. शिफ बेस ‘बेस’ ठरतो तो या जोडीमुळे.

मग पाठ्यपुस्तकातला ‘आम्लारी’ का नको? शब्द सुरेख आहे. आम्लाचा अरि, म्हणजे आम्लाचा शत्रू. आम्लाला उदासीन करणाऱ्या चुन्याच्या निवळीला तो अगदी शोभतो. पण गिल्बर्ट ल्यूइस यांनी १९२३ मध्ये व्याख्या रुंदावली : इलेक्ट्रॉनांची जोडी देतो तो बेस, घेतो ते आम्ल. या हिशेबाने धातूचा आयन हे आम्ल झाले, आणि शिफ बेस आपली जोडी त्याच्याबरोबर वाटून घेतो. वाटून घेणाऱ्याला अरि म्हणायला माझी जीभ वळत नाही. शाळेच्या पुस्तकाशी मेळ हवा म्हणून कुणी ‘शिफ आम्लारी’ लिहिले, तर ते चूक मात्र नाही.

माझी पसंती मराठी विश्वकोशातल्या ‘क्षारक’ला आहे. विश्वकोश त्याचा अर्थच ‘अम्लाशी विक्रिया झाल्यास लवण देणारा पदार्थ’ असा देतो. घडवणाऱ्यांच्या मनात क्षाराचा जुना, अल्कलीचा अर्थ असेल. पण मराठी कानाला तो ‘क्षार करणारा’ असाही ऐकू येतो, आणि गंमत म्हणजे इतिहासाला हेच धरून आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रुएल यांनी १७५४ च्या सुमारास ‘बेस’ ही संज्ञा रूढ केली ती पाया या अर्थाने : उडून जाणाऱ्या आम्लाला धरून ठेवून मिठाला घन रूप देणारा तो पाया. शेवटचा एक ‘क’ गाळला की पायाचे मीठ होते. लाल रेघ त्या ‘क’साठी होती.

‘संकुल’ मात्र मुलीने उत्तम निवडले. ‘जटिल संयुग’ हा जुना शब्द वाचकाला उगाच घाबरवतो. संकुलात दाटीने एकत्र नांदणे आहे, आणि रेणूत तेच घडते. सॅलेनचे उदाहरण घ्या. सॅलिसिलाल्डिहाइडचे दोन रेणू आणि एथिलीनडायअमीनचा एक यांपासून होणारा हा पिवळा शिफ क्षारक. दोन नायट्रोजन आणि दोन ऑक्सिजन अशा चार टोकांनी तो धातूला धरतो. पाण्यातले निकेलचे साधे क्षार (इथे क्षारच!) हिरवे असतात, आयनाभोवती सहा शेजारी असतात आणि चुंबक त्यांना किंचित ओढतो. तेच निकेल सॅलेनमध्ये बसले की चौघे शेजारी एका सपाट चौकोनाच्या कोपऱ्यांवर येतात, रंग नारिंगीकडे वळतो आणि चुंबकाची ओढ नाहीशी होते. तांब्याच्या सॅलेन संकुलाचा स्फटिक क्ष-किरणांनी तपासला तेव्हा रेणू जोडीजोडीने बसलेले दिसले : प्रत्येक तांबे शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनलाही, जरा लांबून, हात लावून असते. कोबाल्टचे संकुल तर हवेतला ऑक्सिजन धरते आणि तापवले की सोडते; जपानच्या त्सुमाकी यांनी हे १९३८ मध्ये नोंदवले. हे सगळे ‘जटिल’ या विशेषणात मावत नाही.

शेवटची दुरुस्ती शब्दाची नाही, वाक्याची आहे. ‘संक्रमण धातू शिफ क्षार संकुल’ ही नुसती नामांची मालगाडी झाली. इंग्रजीत ती चालते, मराठीला डब्यांमध्ये प्रत्यय लागतात. विश्वकोशाप्रमाणे ‘संक्रमणी’ हे विशेषणही घ्यावे. तेव्हा मुलीला सांगा, सारांशाचे शीर्षक असे कर : ‘संक्रमणी धातूंची शिफ क्षारकांबरोबरची संकुले : स्फटिकरचना आणि गुणधर्म’.