हॅम्बुर्गला शिकायला येण्यापूर्वी: १९६७-६८ च्या घोषणा आणि आजचे मोर्चे

तुम्ही येत्या ऑक्टोबरपासून हॅम्बुर्ग विद्यापीठात समाजशास्त्र शिकायला येणार आहात आणि दोन गोष्टी विचारल्या आहेत: १९६८ च्या डाव्या विद्यार्थी चळवळीच्या ज्या घोषणांना सगळे विनोदी म्हणतात त्यांत हसण्यासारखे काय आहे, आणि परदेशी विद्यार्थ्याने इथल्या मोर्चांत जावे का. मी याच विद्यापीठात शिकलो आणि पुढे याच शहरात स्थायिक झालो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सर्वांत गाजलेली घोषणा तुमच्याच विद्यापीठातली आहे. ९ नोव्हेंबर १९६७ रोजी आउडिमाक्स या मोठ्या सभागृहात नव्या कुलगुरूंच्या पदग्रहणाचा सोहळा होता. झगे घातलेल्या प्राध्यापकांची मिरवणूक पायऱ्या उतरत असताना डेटलेफ आल्बेर्स आणि गेर्ट हिनेर्क बेल्मर हे दोन विद्यार्थी, अंगात नीटनेटके सूट, तिच्या पुढे झाले आणि त्यांनी एक काळा फलक उलगडला: ‘उंटर डेन टालारेन, मुफ फोन टाउझेंट यारेन’, म्हणजे झग्यांखाली हजार वर्षांचा कुबट वास. यमक गमतीचे आहे आणि जुनाट वेशाची थट्टाही त्यात आहे. पण हिटलरने आपल्या राजवटीला हजार वर्षांचे राज्य म्हणवले होते आणि त्या राजवटीत पक्षाचे सदस्य असलेले लोक अजून विद्यापीठांत शिकवत होते, हे ठाऊक असल्याशिवाय त्या ओळीची धार कळत नाही. तारीखही १९३८ मध्ये ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळली गेली त्या रात्रीची होती. फलक पाहून एक प्राध्यापक, बेर्टोल्ड श्पुलर, ‘तुम्हा सर्वांना छळछावणीत टाकले पाहिजे’ असे ओरडले. ते स्वतः नाझी पक्षाचे सदस्य राहिलेले होते. विद्यार्थ्यांना जे सिद्ध करायला लांबलचक पत्रके लिहावी लागली असती, ते या एका वाक्याने भर सभेत सिद्ध झाले. त्यानंतर जर्मन विद्यापीठांतून झगे फार लवकर दिसेनासे झाले.

दुसरे उदाहरण बर्लिनचे. २ जून १९६७ रोजी इराणच्या शहांच्या भेटीविरुद्धच्या निदर्शनांत कार्ल-हाइन्झ कुरास या पोलिसाने बेनो ओनेझोर्ग या विद्यार्थ्याला गोळी घालून ठार केले. पोलीस नोव्हेंबरमध्ये निर्दोष सुटला; ‘कोम्यून १’ या एकत्र राहणाऱ्या डाव्या तरुणांच्या गटातला फ्रिट्झ टॉयफेल मात्र दगड फेकल्याच्या आरोपाखाली महिनोन्‌महिने कोठडीत राहिला आणि शेवटी तोही निर्दोष ठरला. त्याच्या खटल्यात न्यायाधीशांनी त्याला उभे राहायला सांगितले, तेव्हा तो ‘सत्य शोधायला त्याने मदत होणार असेल तर’ असे म्हणत उठला. हे वाक्य जर्मन लोक आजही सहज वापरतात. मला ते त्या चळवळीतले सर्वांत सुंदर वाक्य वाटते, कारण त्यात कोणाला शिवी नाही, आज्ञाभंग नाही, आणि तरीही न्यायालयाच्या थाटाला प्रश्न विचारला गेला आहे.

एस.डी.एस. या डाव्या विद्यार्थी संघटनेचे मार्क्स, एंगेल्स आणि लेनिन यांच्या चेहऱ्यांचे लाल पोस्टर तुम्हाला अनेक खोल्यांत दिसेल. ‘सगळे हवामानाविषयी बोलतात, आम्ही नाही’ ही त्यावरची ओळ मुळात जर्मन रेल्वेच्या जाहिरातीची होती.

या सगळ्याकडे केवळ कौतुकाने पाहू नका. मे १९६७ मध्ये ब्रुसेल्सच्या एका दुकानाला आग लागून शेकडो माणसे मेली, आणि टॉयफेलच्या ‘कोम्यून १’ गटाने त्यावर उपरोधिक पत्रके काढून बर्लिनची दुकाने कधी जळणार असे विचारले. न्यायालयाने त्यांना सोडले, पण पुढच्या एप्रिलमध्ये फ्रांकफुर्टच्या दुकानांत खरोखरच आगी लावल्या गेल्या. ‘एकीबरोबर दोनदा झोपणारा प्रस्थापितांत जमा’ ही घोषणाही विनोदी म्हणून सांगितली जाते, पण ती पुरुषांनी पुरुषांसाठी केलेली होती. सप्टेंबर १९६८ मध्ये एस.डी.एस.च्या फ्रांकफुर्टच्या अधिवेशनात हेल्के झांडर यांच्या स्त्रियांच्या प्रश्नांवरच्या भाषणावर चर्चा करायला पुरुष नेते तयार होईनात, तेव्हा झिग्रिड ऱ्यूगर यांनी त्यांच्यावर टोमॅटो फेकले, आणि माझ्या मते त्या टोमॅटोंचा परिणाम अनेक घोषणांपेक्षा जास्त काळ टिकला.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मोर्चात अवश्य जा. सभा आणि मोर्चांचा कायदा तो हक्क फक्त जर्मन नागरिकांना नव्हे, सर्वांना देतो. मात्र चेहरा झाकू नका, तो गुन्हा आहे. पोलिसांनी ध्वनिक्षेपकावरून सभा विसर्जित झाल्याचे जाहीर केले की लगेच निघा. अर्थ न कळलेली घोषणा देऊ नका, कारण इथे पोलिसाचा अपमान केल्यास फौजदारी खटला होतो आणि बंदी घातलेल्या संघटनांची चिन्हे व घोषणा वापरणेही शिक्षापात्र आहे. लॅपटॉपवर घरचे स्वस्तिक असेल तर ते काढून या. आपल्या धार्मिक वापरामागचा हेतू वेगळा असला तरी गर्दीत तो समजावून सांगायला वेळ मिळत नाही.

पहिल्या आठवड्यातच ‘आस्टा’ या विद्यार्थी मंडळाच्या कार्यालयात जा. दर सत्राला तुम्ही जे शुल्क भराल त्यातला एक भाग त्या मंडळाला जातो, म्हणून तिथे सल्ला मागणे हा तुमचा हक्कच आहे. बहुतेक पत्रके आणि सभा जर्मनमध्येच असतात, तेव्हा निघण्यापूर्वीचे महिने भाषेला द्या.