जॉर्जियात वाईन प्यायला जायचंय, तर मुक्काम कुठे करू?

प्रश्न: ताई, आम्ही दोघं सप्टेंबरअखेरीस जॉर्जियाला चाललोय. नाशिकचे असल्यामुळे वायनरी, टेस्टिंग वगैरे भरपूर झालंय. राजधानी तिबिलिसीहून एका दिवसाची वाईन टूर मिळते, तेवढी पुरेल का? मी व्हेज आहे आणि ह्यांना गोड वाईन अजिबात चालत नाही.
– एक वाचक, नाशिक

उत्तर: टूर नका घेऊ, अगदी मनापासून सांगते. दिवसभरात चार ठिकाणी उतरवतात, प्रत्येक ठिकाणी घाईघाईत दोन-तीन घोट, आणि संध्याकाळी काय प्यायलो ते आठवतही नाही. त्यापेक्षा काखेती या वाईनच्या प्रांतात जा आणि तिथल्या तेलावी शहरात निदान दोन रात्री राहा. सिघनाघी गाव दिसायला सुंदर आहे, तिथून अलाझानीचं खोरं आणि पलीकडे कॉकेशसचे डोंगर दिसतात, पण गर्दीही तिथेच, म्हणून ते जाता-येता बघा. तुमची वेळ मात्र मस्त जमलीये, कारण आपल्याकडे द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात आणि तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, त्या सुगीला र्त्वेली म्हणतात. गेस्टहाऊसवाल्यांना आधीच विचारून ठेवा, बरेच जण पाहुण्यांनाही तोडणीला नेतात.

आता नाशिकला जे नाही ते सांगते, क्वेव्री. मातीचा अंडाकृती रांजण, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला, आतून मधमाश्यांच्या मेणाचा हात दिलेला. काखेतीत पांढरी द्राक्षंसुद्धा रस, साली, बिया आणि बऱ्याचदा देठांसकट त्यात घालतात आणि तोंड बंद करून पाच-सहा महिने ठेवतात, जमिनीमुळे तापमान आपोआप सांभाळलं जातं. साली इतका वेळ राहिल्यामुळे वाईन मधाच्या रंगाची होते आणि तोंडाला चहासारखा तुरटपणा येतो. पहिल्या घोटाला विचित्र वाटेल पण लगेच ग्लास खाली ठेवू नका, जेवणाबरोबर घ्या, तिथे ती खुलते. रांजण रिकामा झाला की चेरीच्या सालीच्या कुंच्याने आतून घासतात, मोठा असेल तर माणूस आत उतरतो. घरातल्या तळघराला मारानी म्हणतात, तिथे हे सगळं दाखवा म्हणून नक्की सांगा. या पद्धतीला २०१३ साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली, आणि तिबिलिसीच्या दक्षिणेला सापडलेल्या मडक्यांच्या तुकड्यांवर सुमारे ८००० वर्षांपूर्वीच्या द्राक्षाच्या वाईनच्या खुणा मिळाल्यात.

ह्यांच्यासाठी एवढं लक्षात ठेवा: लेबलवर किंदझमराउली किंवा ख्वांचकारा असेल तर ती गोडसर. कोरडी लाल हवी तर मुकुझानी मागा. गंमत म्हणजे किंदझमराउली आणि मुकुझानी दोन्ही सापेरावी याच द्राक्षाच्या, आणि या द्राक्षाचा गरसुद्धा लाल असतो म्हणून वाईन जवळजवळ काळी दिसते. पांढऱ्यात त्सिनांदाली कोरडी असते.

व्हेजची काळजीच नको. अक्रोडाचं वाटण लावलेल्या वांग्याच्या गुंडाळ्या, लोबिओ म्हणजे राजमा, अक्रोड घालून वाटलेल्या पालक-बीटाची प्खाली आणि खाचापुरी म्हणजे चीज भरलेली रोटी. फक्त लोबिओत मांस नाही ना ते विचारून घ्या. आणि हो, दिवसभर टेस्टिंग असेल तर गाडी स्वतः चालवू नका, ड्रायव्हर ठरवा. जेवणानंतर चाचा येईल, ती द्राक्षांच्या चोथ्यापासून गाळलेली कडक दारू आहे, वाईनच्या हिशोबाने पिऊ नका.

प्रश्न: जॉर्जियात घरगुती वाईन प्लास्टिकच्या बाटलीत भरून देतात म्हणे. ती भारतात आणू का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: ती तिथेच संपवा. बाटलीत हवा राहते, प्रवासात चव जाते, आणि बॅगेत गळली तर सगळे कपडे गेले. आणायची तर सीलबंद काचेच्या बाटल्या घ्या, कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेत ठेवा. ड्युटी न भरता माणशी २ लिटर आणता येते, म्हणजे नेहमीच्या ७५० मिलीच्या दोनच बाटल्या बसतात. त्यातली एक तरी क्वेव्रीची असू द्या.