नायक काळा करायला निघालात, तर आधी हे वाचा

तुमचा मसुदा वाचला. नायक दारू पितो, शिव्या देतो, पण तेवढ्यानं तो प्रतिनायक (अँटीहीरो, म्हणजे वाईट वागूनही वाचक ज्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहतो असा नायक) होत नाही. विजय तेंडुलकरांचं ‘सखाराम बाईंडर’ (1972) हे नाटक काढून बसा. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना हा सखाराम घरी आणतो, आपले नियम ऐकवतो, आणि स्वतःला ढोंगी नवऱ्यांपेक्षा प्रामाणिक समजतो. गणपतीच्या आरतीचा प्रसंग तर दोनदा वाचा. सखारामचा मुसलमान मित्र दाऊद आरती म्हणतो, त्याला सखारामनं घरी आणलेली लक्ष्मी हरकत घेते आणि सखाराम तिला पट्ट्यानं झोडपतो. मित्राची बाजू घेणारा आणि बाईला मारणारा माणूस एकच! बाजू कुणाची घ्यावी, कळत नाही. ती अडचण तुमच्या वाचकाची व्हायला हवी.

अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’ नाटकातला भामटा लखोबा लोखंडे मला फार आवडतो, पण तो पक्का खलनायक. त्याची मजा वाटते, त्याच्या जागी आपण स्वतःला ठेवत नाही. दस्तयेव्हस्कीच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’ (1866) कादंबरीतल्या खुनी रास्कोल्निकोव्हच्या जागी मात्र ठेवतो. खुनाआधीचं त्याचं तर्कट ऐकता ऐकता आपणच मान डोलावू लागतो.

आणि हो, तुमच्या मसुद्यातला तो नायकाच्या बालपणीच्या दुःखाचा फ्लॅशबॅक काढून टाका. सखाराम लहानपणी घरातून पळाल्याचं थोडक्यात सांगून मोकळा होतो.