पिरानीचा आकडा आणि साताऱ्याची हवा

साताऱ्याच्या एमआयडीसीत व्हॅक्यूम फर्नेसवर (हवा काढून तापवायच्या भट्टीवर) नवीन लागलायस ना, मग ऐक. चेंबर उघडा असताना अ‍ॅब्सोल्यूट सेन्सर (पूर्ण निर्वातापासून दाब मोजणारा) ९३० मिलिबारच्या आसपास दाखवतो, म्हणून पोरं स्क्रू पिळून १०१३ करायला जातात. अरे, १०१३ समुद्रसपाटीचं. आपण ७०० मीटरवर. हात लावू नको.

खरा धोका पिरानीचा, म्हणजे गॅस तापलेल्या तारेची उष्णता किती ओढतो त्यावरून दाब सांगणाऱ्या गेजचा. तो बहुधा नायट्रोजनवर कॅलिब्रेट केलेला असतो. आर्गॉन भरताना आत बाहेरच्या हवेइतका दाब झाला, तरी हा पठ्ठ्या कितीतरी कमी दाखवतो. त्याच्या भरवशावर आर्गॉनचा व्हॉल्व्ह उघडा ठेवलास तर भट्टीच्या खिडकीची काच फुटून तोंडावर येईल. तिथे डायफ्रॅम गेजच बघायचा (तो पातळ पडदा किती दाबला जातो त्यावरून मोजतो, गॅस कुठलाही असो), आणि दाब वाढला की आपोआप उघडणारा रिलीफ व्हॉल्व्ह चालू आहे ना तेही. आणि सेन्सर बसवताना तोंड खाली ठेव, नाहीतर तेल-धूळ आत साचते.